संत्र्याच्या झाडाला दिलेला ताण

सहावीच्या मुलांना मी दरवर्षी शेतीचा शोध शिकवते आणि दरवर्षी त्या धड्याशी माझं भांडण होतं. माणूस आधी भटकत होता. मग त्याला कळलं की मातीत बी पडलं की उगवतं. मग तो एका जागी राहू लागला. झालं, संपलं, घ्या प्रश्नोत्तरं. जणू कोणी एके सकाळी चार दाणे टाकले आणि संध्याकाळी घराचा पाया खणायला घेतला. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या शाळेत इतिहास शिकवता शिकवता माझे केस पांढरे झाले, पण ही तीन वाक्यं काही माझ्या घशाखाली उतरली नाहीत. आणि आता तर मुळीच उतरत नाहीत, कारण गेल्या हिवाळ्यात माझ्याच घरात, एका झाडावरून, माझ्या आईबाबांमध्ये जे झालं ते मी पाहिलं आहे.

बाबा संत्र्याचे बागवाले. नरखेड तालुक्यात आमची बाग, विहीर, मोटार, सगळं नीट चाललेलं. माणूस हट्टी, आणि आपल्या झाडांबद्दल तर इतका गर्विष्ठ की दुसऱ्याच्या बागेत गेले की बोलायचेच नाहीत, नुसते घसा खाकरायचे. दोन्ही किडन्या गेल्या तेव्हा डायलिसिससाठी एक दिवसाआड एसटीने नागपूर गाठणं जमण्यासारखं नव्हतं. म्हणून बाग माझ्या चुलतभावाच्या हाती देऊन ते आणि आई माझ्याकडे नागपुरात हुडकेश्वरला राहायला आले. मी एकटी राहते. लग्न का केलं नाही हे ज्यांना विचारायचं होतं त्यांचं विचारून झालं आहे. घरात जागा होती, ती भरली.

डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावल्या. संत्रं बंद, कारण त्यातलं पोटॅशियम अशा रुग्णाच्या जिवावर उठतं. आणि पाणी मोजून. संत्र्याचं ऐकून बाबा हसले. "मी तसाबी कुठी खात होतो? ते विकाले असते." पाण्याचं ऐकून मात्र त्यांनी, मोजून म्हणजे किती, हे दोनदा विचारून घेतलं. आई रोज सकाळी स्टीलच्या एका चंबूत दिवसभराचं पाणी भरून ठेवायची. त्यातूनच चहा, त्यातूनच गोळ्या, त्यातूनच तहान. दुपारपर्यंत चंबू आटायचा. मग समोरच्या खोलीतल्या पलंगावरून बाबा आवाज द्यायचे, "पाणी दे वं." आई म्हणायची, "झालं आजचं." जरा वेळानं पुन्हा, "घोटभर दे वं." "झालं म्हटलं नं." हे दिवसभर चालायचं. आई ते इतकं कोरडं म्हणायची की मला तिचा राग यायचा. थोडं गोड बोलावं, समजूत काढावी, काय बिघडतं? तिनं स्वतः बाबांच्या डोळ्यांदेखत पाणी पिणं सोडून दिलं होतं, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. मागे मोरीत जाऊन ती चोरासारखं दोन घोट प्यायची, तेही आठवण झाली तर.

माझ्या फाटकाशी संत्र्याचं एक झाड आहे. मी घर बांधलं तेव्हा बाबांनीच आपल्या बागेतल्या झाडाचा डोळा जंबेरीच्या खुंटावर बांधून ते कलम आणलं होतं. जंबेरी म्हणजे जाड सालीचं आंबट लिंबू. मूळ तिचं, वरचं झाड संत्र्याचं. मी त्याला रोज पाइपनं पाणी घालत असे. झाड माझ्या डोक्याच्या वर गेलं, हिरवंगार झालं, येणारेजाणारे कौतुक करायचे. फळं मात्र वर्षाला चारदोन, आणि तीही पचपचीत. बाबा पोर्चमधल्या खुर्चीवर बसून त्या झाडाकडे ज्या नजरेनं पाहायचे ती मी ओळखून आहे. दहावीला गणितात मला कमी मार्क पडले तेव्हा माझ्याकडेही त्यांनी असंच पाहिलं होतं.

"माजलं आहे हे," ते म्हणाले. "रोज पाणी पाजता तुम्ही त्याले. भरल्या पोटी कोणतं झाड फुलते?"

"मग काय करू?"

"ताण द्या लागते."

ज्यांचा बागेशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे संत्र्याला थंडीत ताण देतात, म्हणजे पाणी पूर्ण तोडतात. विहिरीत पाणी असतं, मोटार चालू असते, तरी झाडाला थेंब द्यायचा नाही. हळूहळू पानांची चकाकी जाते, ती मिटायला लागतात, काही गळतात. पाहणाऱ्याला झाडाची दया येते. मग एका दिवशी ताण तोडायचा, म्हणजे पाणी द्यायचं, आणि थोड्याच आठवड्यांत झाड फांदीफांदीवर फुलतं. या फुलण्याला बहार म्हणतात. सगळी मेख तो दिवस ओळखण्यात आहे. लवकर तोडला तर नुसती पालवी येते. उशीर झाला तर झाड हातचं जातं. बाबा तो दिवस पान हातात घेऊन, मुडपून ओळखायचे, आणि आसपासच्या गावांतले लोक त्यांना बोलवायला यायचे. नागपूरला आल्यावरही चुलतभाऊ फोनवर पान कसं दिसतं ते सांगायचा आणि बाबा हुकूम सोडायचे.

"या थंडीत मी याले ताण देतो," बाबा त्या रात्रीच्या जेवणावर म्हणाले. "बागेत जाणं काही आता होत नाही. इथंच एक बहार पाहतो. मंग माहं काय व्हाचं ते होवो." आईनं त्यांच्या ताटात न मागता भाजी वाढली, आणि ती पातळ आहे म्हणून परत काढून घेतली.

डायलिसिसच्या यंत्राला जोडलेला माणूस कितीतरी तास नुसता पडून असतो. बाबांना पेपर नको, टीव्ही नको. एकदा म्हणाले, "तुह्या शाळेतला तो शेतीचा धडा सांग मले." मी सांगितला. तीन वाक्यांत उरकला.

"हे लिहिणारानं कधी शेती केली का?"

"नसेल केली."

"दिसतेच."

मला ते लागलं. दुसऱ्या खेपेपासून मी घरून वाचून जायला लागले आणि दर खेपेला एक पीक सांगायला लागले. गव्हापासून सुरुवात केली. रानातल्या गव्हाची ओंबी पिकली की आपोआप फुटते आणि दाणे जमिनीवर सांडतात, कारण त्या झाडाला आपलं बी पसरवायचं असतं. पण काही थोड्या रोपांचे दाणे ओंबीला चिकटून राहतात. माणसाच्या हाती तेच जास्त लागले, तेच त्यानं परत पेरले, आणि हजारो वर्षांत गहू न सांडणारा झाला. मग चीनमधल्या नद्यांकाठचं धान सांगितलं. अमेरिकेतल्या एका गवताच्या बोटाएवढ्या कणसापासून झालेला मका सांगितला. आपली ज्वारी आफ्रिकेतून आली आणि देशी कापूस मात्र आपल्याच उपखंडातला, हे ऐकून बाबांनी मान डोलावली. एकमेकांची खबरबात नसलेल्या माणसांनी ठिकठिकाणी हे केलं होतं. बाबा डोळे मिटून ऐकायचे. मला वाटायचं झोप लागली. मग विचारायचे, "बरं, मंग त्याईनं काय अडवलं?"

दर पिकाला हाच प्रश्न. मी वैतागून म्हटलं, अडवायचं काय त्यात?

"बी तं चिमणीबी टाकते," बाबा म्हणाले. "त्याले शेती म्हणते का कोणी? गव्हाले सांडू नाही देल्लं, हे शेती. घरात लेकरं रडून राहिली तरी बियाण्याच्या मडक्यात हात नाही घालू देल्ला, हे शेती. विहीर भरलेली आहे आन झाडाले पाणी नाही, हे शेती. तुह्या धड्यात लिही, ज्याले पहिल्यांदा नाही म्हणता आलं त्यानं शेती काढली."

आई त्या दिवशी सोबत होती. पलंगाच्या पायथ्याशी स्टुलावर बसून ती वाटाणे सोलत होती, कारण रिकाम्या हातानं तिला बसता येत नाही. ती म्हणाली, "आन मंग पाणी कोण घातलं?"

"कोणाले?"

"त्या पहिल्या झाडाले. ते वाळून राहिलं असंल. कोणाले तरी पाहवलं नसंल नं. तिनं पाणी घातलं म्हणून ते राहिलं. नाही तं तुम्ही अडवलं असतं काय, कपाळ?"

"पाह्य," बाबा मला म्हणाले, "तुह्या आईनंबी धडा लिहिला." दोघंही हसले. मीही हसले. मी मग त्यांना सांगितलं की जुन्या वस्त्यांमध्ये सापडलेल्या बायकांच्या हाडांवरून असं दिसतं की वाकून, गुडघ्यांवर बसून दाणे दळल्यानं त्यांचे गुडघे आणि पाठी झिजल्या होत्या. शेती आली आणि माणसाचे कष्ट वाढलेच. आईनं स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "हे कळाले हाडं कायले उकरली? मले विचाराचं."

झाडाचं पाणी पौष लागायच्या सुमारास तोडलं. बाबांनी माझ्याकडून आळ्यातलं गवत काढून घेतलं, माती हलवून घेतली, पाइप गुंडाळून मागे ठेवायला लावला. "आता याच्याकडे कोणी पाहाचंबी नाही," म्हणाले, आणि स्वतः मात्र सकाळ संध्याकाळ खुर्चीवर बसून पाहत राहिले. दुपारी पलंगावर पडल्या पडल्या खिडकीतून शेंडा दिसायचा, तो पाहायचे.

पान काही हललं नाही. आठवडा गेला, दुसरा गेला, झाड आपलं तसंच, टवटवीत. चुलतभावाच्या बागेत पानं मळकट पडायला लागली होती, तो फोनवर सांगायचा. बाबा म्हणाले, इथली जमीन भारी आहे, ओल धरून ठेवते, थांबा. थांबलो. मग म्हणाले, नळाची लाइन फुटली असंल. मी प्लंबरला बोलावलं. त्यानं फाटकाजवळ खणून पाहिलं, पाइप कोरडा ठणठणीत. मग बाबांना शेजाऱ्यांच्या सेप्टिक टँकचा संशय आला. मी शेजाऱ्यांकडे जाऊन नको ते विचारून आले आणि त्यांच्या घरचा चहा मला तोंड वर करून पिता आला नाही. बाबा माझ्याकडून पान तोडून मागायचे, मुडपायचे, वासाला लावायचे, ठेवून द्यायचे. पुन्हा मागायचे.

एका सकाळी ते म्हणाले, "माहीच चूक होऊन राहिली कुठंतरी. मले आता झाडबी समजत नाही." हे त्यांनी इतकं हळू म्हटलं की मला पुढे वाकून ऐकावं लागलं. आजारानं त्यांचं वजन नेलं, चालणं नेलं, तोंडाची चव नेली. त्यावर ते शिव्या घालायचे. आज शिवी नव्हती. मला त्या झाडाचा इतका राग आला की उपटून फेकावंसं वाटलं.

त्याच आठवड्यात शनिवारी शाळा लवकर सुटली. मी दुपारी घरी आले आणि फाटक उघडणार तोच आतून बाबांचा आवाज आला, "पाणी दे वं." "झालं आजचं," आईचं कोरडं उत्तर. आणि लगेच आई हातात पाण्यानं भरलेला पितळी गडवा घेऊन बाहेर आली. झाडाच्या मागच्या अंगाला, कंपाउंडच्या भिंतीकडच्या बाजूनं ती वाकली. पोर्चच्या खुर्चीवरून ती बाजू दिसत नाही, पलंगावरून तर नाहीच. तिनं गडवा बुंध्याशी रिकामा केला. आत पुन्हा, "पाणी दे वं." ती आत गेली, "झालं म्हटलं नं," आणि या खेपेला बादली घेऊन आली.

मी तिचा हात धरला. बाबांना ऐकू जाऊ नये म्हणून मला ओरडतासुद्धा येईना. "आई, तू काय करून राहिली? ते तिकडे स्वतःला वेडं समजायला लागले आहेत. मी लोकांची गटारं तपासत फिरले. आणि तू?"

आईनं हात सोडवून घेतला. बादली आधी ओतली, सगळी, मग बोलली. "ते मागते. हात आपसूक गडवा भरते, तोंडानं मी नाही म्हणतो. हातात गडवा तसाच राहते. तू सांग, त्या गडव्याचं काय करू मी? परत माठात ओतू? त्याईच्यादेखत पिऊ?" आवाज तोच, कोरडा. "पहिले एकच गडवा घातला. वाटलं एवढ्यानं काय होते. मंग ते जास्त मागाले लागले. दोघंबी तहानेनं बसले आहे माह्यासमोर, तिकडं ते आन इकडं हे. एकाले तं पाजू दे."

मला रडू आलं आणि रागही तेवढाच. शाळेत दोन मुलांचं भांडण असलं तर कोणाचं चुकलं हे मी पाच मिनिटांत सांगते. इथं मला काही सांगता येईना. बाबांना सांगितलं तर ते आपली बायको इतके दिवस आपल्याला फसवत होती म्हणून दुखावतील. नाही सांगितलं तर आपली अक्कल गेली असं समजून झुरतील. मी आईला एवढंच म्हटलं की आजपासून घालू नको. ती रिकामी बादली उचलून आत गेली.

संध्याकाळी चुलतभावाचा फोन आला. नेहमीसारखा विचारत होता, पानं बऱ्यापैकी मिटली आहेत, ताण कधी तोडू? बाबांनी फोन एका कानावरून दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाले, "तुह्या मनानं कर आता. मले नको विचारत जाऊ. मले काही कळत नाही आताशा." आणि फोन माझ्या हातात दिला.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हात पदराला पुसत ती आली आणि पलंगाच्या कडेला बसली. आमच्या घरात बायका नवऱ्याच्या पलंगावर अशा सगळ्यांदेखत बसत नाहीत, म्हणून मला ते अजून डोळ्यांसमोर आहे. "झाडाले मी पाणी घालून राहिलो होतो," ती म्हणाली. आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल असंच, 'राहिलो', 'म्हणतो', असं बोलतात. "रोज. भिंतीकडून. तुम्ही पाणी मागतलं का दर वेळी."

बाबा तिच्याकडे पाहत राहिले. मला वाटलं आता भडका उडणार. बाबांचा राग मी पाहिला आहे, एकदा त्यांनी मोटारीचा पट्टा विहिरीत फेकला होता. पण त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "म्हणजे झाड बरोबर होतं?"

"हो बाबा."

"आन मीबी."

"हो."

त्यांनी डोळे मिटून घेतले. त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरलं, ते मला स्पष्ट दिसलं, आणि मला इतकं हायसं वाटलं की मी तिथंच दाराला टेकून उभी राहिले. थोड्या वेळानं ते आईला म्हणाले, "तुहं पाणी माह्या मागण्यानं चालते नं? मंग मी मागतच नाही." चुलतभावाला परत फोन लावायला लावला आणि म्हणाले, "परवा तोड. मनानं काही करू नको."

आणि त्यांनी खरंच पाणी मागणं बंद केलं. चंबूतलं प्यायचे आणि तो आटला की भिंतीकडे तोंड करून पडायचे. बर्फाचा खडा चघळायला दिला तर घ्यायचे, पण मागायचे नाहीत. घरात ती हाक नव्हती. तुम्हाला वाटेल बरं झालं असेल, पण ती शांतता माझ्या अंगावर यायची. आई तर पार बावरली. चारचारदा त्यांच्या खोलीच्या दारात जायची, "काही पाहिजे का?" "नाही." गडवा ओट्यावर भरून ठेवलेला असायचा आणि तसाच संध्याकाळ करायचा. ती मला म्हणाली, "मागत होते तेच बरं होतं वं बाई. निदान मले कळत तं होतं."

हळूहळू झाडाला कळायला लागलं. आधी पानांचा चकाकता हिरवा रंग विटला, मग ती कडांनी आत वळली, मग फाटकाशी रोज सकाळी थोडा पाला पडायला लागला. येणारेजाणारे विचारायचे, झाडाला काय झालं हो, पाणी घालत नाही का? आई आत निघून जायची. थंडी सरत आली होती, बागेच्या मानानं उशीरच झाला होता. बाबा रोज पान मागायचे, मुडपायचे आणि म्हणायचे, "थांबा." मला वाटायचं झाड मरणार. एकदा मी गुपचूप बादली भरलीसुद्धा, आणि बाहेर न्यायला धजले नाही.

मग एका सकाळी पान हातात घेतल्या घेतल्या त्यांनी आईला हाक मारली. "जाय. घाल पाणी. पहिले हलकं घाल." आई पाइपकडे गेलीच नाही. गडव्यानं घातलं, समोरच्या बाजूनं, बाबांच्या डोळ्यांदेखत. बाबा म्हणत होते, "बस. आता इकडून. बस." आणि ती ऐकत होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, तिनं त्यांचं इतकं मुकाट्यानं ऐकलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

झाड फुललं. होळीच्या अलीकडेच ते एवढं फुललं की पान दिसेना. वास दाराखिडक्यांतून आत यायचा, माझ्या शाळेच्या पिशवीलासुद्धा यायचा. मधमाश्या घोंघावत होत्या. बाबा खुर्चीवरून हलेनात. जेवणाची चव गेलेल्या त्या माणसाला वास मात्र येत होता, आणि ते लहान मुलासारखे दर थोड्या वेळानं म्हणायचे, "येते नं वास? तुले येते नं?" त्यांना जे पाहायचं होतं ते त्यांनी पाहिलं. मी त्या दिवसांत फार सुखात होते, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

पाकळ्या गळून हिरव्या मण्यांसारखी फळं धरली. ऊन तापायला लागलं. तेव्हा एका दुपारी समोरच्या खोलीतून पुन्हा ती हाक आली, "पाणी दे वं." कितीतरी दिवसांनी. आई धावत गेली. "चंबूत आहे नं अजून?" "ते राहू दे. तू दे." आई पाहत राहिली. मग तिच्या लक्षात आलं. फळ धरल्यावर झाडाला पाणी कमी पडलं की फळं गळतात, आणि आता अडवायचं नव्हतं. "झालं आजचं," ती म्हणाली, आणि गडवा उचलून झाडाकडे गेली. त्यानंतर दिवसभर तेच. ते मागायचे, ती नाही म्हणायची, आणि जाऊन झाडाला घालायची. एकदा तिनं विचारलं, "पाहिजे कोणाले, तुम्हाले का त्याले?" बाबा म्हणाले, "तू जाय, ऊन वाढून राहिलं." त्यांना स्वतःला तहान लागत नव्हती असं नाही. ओठांना भेगा पडलेल्या मला दिसत होत्या. पण हाक मारताना आता आवाजात हसू असायचं, आणि आईचं "झालं" पण तितकं कोरडं राहिलं नव्हतं.

बाबा वैशाखाच्या तोंडावर गेले. दवाखान्यात, दुपारी, फार त्रास न होता. फळं तेव्हा बोराएवढी होती.

तेरावं झालं, माणसं पांगली. शाळेला सुट्ट्या लागल्या होत्या. नागपूरचा मे महिना सांगायला नको, दहा वाजता रस्ता ओस पडतो. आई समोरच्या खोलीत पलंगासमोर भिंतीला टेकून बसून राहायची. वाटाणे नाहीत, निवडणं नाही, रिकाम्या हातांनी. फाटकाशी रोज सकाळी हिरवी फळं पडलेली असायची. मी पाइप काढला तर म्हणाली, "राहू दे. वाळू दे त्याले." मी जोर केला तर आतून दार लावून घेतलं. झाडाचं सोडा, ती स्वतः पाणी पीत नव्हती. समोर भरून ठेवलेला ग्लास तसाच्या तसा असायचा. इतक्या महिन्यांत तिची पाणी प्यायची सवयच मोडली होती, आणि आता मोरीत जाऊन प्यायचंही कारण उरलं नव्हतं. दोनदा तिला घेरी आली. मी समजावलं, ओरडले, हात जोडले. ती म्हणायची, "तहानच नाही लागत वं." मला भीती वाटायला लागली की हिलाही मी घालवून बसणार.

त्या दुपारी माझा धीर सुटला. मी काही ठरवून केलं नाही. तिच्यासमोर बाबांच्या पलंगावर बसले, आणि जसे ते म्हणायचे तसंच, भिंतीकडे पाहून म्हटलं, "पाणी दे वं."

आईनं मान वर केली. एवढ्या रागानं तिनं माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं आता मारते. मी पुन्हा म्हटलं, "घोटभर दे वं."

"झालं आजचं," ती म्हणाली.

मग भिंतीचा आधार घेऊन उठली. आत माठावरचं झाकण वाजलं. गडवा भरून ती बाहेर गेली, चप्पल न घालता, आणि झाडाच्या मागच्या अंगाला, भिंतीकडच्या बाजूनं वाकली. अर्धा गडवा तिनं बुंध्याशी ओतला आणि उरलेलं पाणी तिथंच उन्हात उभी राहून ती प्यायली.